जाजम एकच: संक्रांतीच्या हळदीकुंकवाची गोष्ट



पौष लागला की आपल्या हाताला उसंत नसते. तूर खळ्यावर येते, हरभऱ्याला घाटे धरतात, ज्वारी हुरड्यात येते, उसाला तोड लागलेली असते. आणि याच गडबडीत संक्रांत दारात उभी राहते. सुगडं आणायची, तीळ निवडायचे, गूळ किसायचा, वाणाला काय घ्यायचं ते ठरवायचं. हे सगळं आपण आईकडून आणि सासूकडून शिकलो. पण ही रीत आली कुठून, ती कशी बदलत गेली, हे कुणी फारसं सांगत नाही. आज तेच बोलू. आणि बोलता बोलता आणखी एका प्रश्नाकडे येऊ. हळदीकुंकवाच्या जाजमावर आपण कुणाला बसवतो आणि कुणाला नाही, हा तो प्रश्न.

आधी तारखेचं पाहू. आपले बाकीचे सण तिथीवर चालतात, म्हणून दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात. संक्रांत मात्र सूर्यावर चालते. सूर्य मकर राशीत शिरतो तो दिवस संक्रांतीचा. त्यामुळे इंग्रजी तारीख जवळपास तीच राहते, १४ किंवा १५ जानेवारी. जवळपास म्हणण्याचं कारण असं की हीसुद्धा तारीख हळूहळू पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा, आणि त्यांची जन्मतारीख आहे १२ जानेवारी १८६३. म्हणजे दीडशे-एकशे साठ वर्षांत संक्रांत दोन-तीन दिवस पुढे गेली. साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस, असा तिचा हिशेब आहे.

दिवस खरा मोठा व्हायला लागतो तो २१-२२ डिसेंबरनंतर. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत आणि हा दिवस एकत्र येत असत. म्हणून संक्रांत म्हणजे उत्तरायणाची सुरुवात, असं आपण आजही म्हणतो. आकाशातला दिवस मागे राहिला, सण पुढे आला, आणि आपण दोन्ही सांभाळलं. ज्या सणाला आपण अचल समजतो, त्याची तारीखसुद्धा अचल नाही. एवढं लक्षात ठेवून पुढे जाऊ.

संक्रांत हा मुळात शेताचा सण आहे. आदल्या दिवशी भोगी. त्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मुगाच्या डाळीची खिचडी आणि मिसळीची भाजी. त्या भाजीत काय असतं बघा: वांगी, गाजर, वालपापडी, पावटा, घेवडा, हरभऱ्याचे सोलाणे, कुठे बोरं, कुठे भुईमुगाचे ओले दाणे. त्या महिन्यात आपल्या शिवारात जे पिकतं ते सगळं एका कढईत. 'न खाई भोगी, तो सदा रोगी' ही म्हण उगाच झालेली नाही. थंडीत अंगाला जे लागतं तेच ताटात येतं.

दुसऱ्या दिवशी सुगडं. सुगड हा शब्द सुघट या शब्दावरून आला. सुघट म्हणजे चांगला घट. कुंभाराच्या घरची ही छोटी मडकी आपण हळदीकुंकवाची बोटं ओढून पुजतो. आत काय घालतो? गव्हाच्या ओंब्या, ओला हरभरा, उसाचे करवे, बोरं, गाजराचे तुकडे, तिळगूळ. शेतात पिकलेलं नवं धान्य, नवी फळं पहिल्यांदा एका बाईच्या हातून दुसऱ्या बाईच्या ओटीत जातात. पेरणीपासून खुरपणीपर्यंत आणि काढणीपासून मळणीपर्यंत बाईचे हात राबलेले असतात, पण धान्य बाजारात गेलं की पावतीवर तिचं नाव नसतं. सुगडात मात्र देणारीही तीच आणि घेणारीही तीच.

आता तीळ. हडप्पाच्या उत्खननात जळलेले तीळ मिळाले आहेत, म्हणजे या देशात तीळ चार हजार वर्षांपेक्षा जुने. आपला 'तेल' हा शब्दच मुळी तिळापासून झाला. आज आपण शेंगदाण्याचं तेल म्हणतो, करडईचं तेल म्हणतो, अगदी रॉकेललाही मातीचं तेल म्हणतो. त्या सगळ्यांना नाव दिलं ते तिळानं. आणि तेलाला संस्कृतात आणखी एक शब्द आहे: स्नेह. स्नेह म्हणजे तेल आणि स्नेह म्हणजे मायाही. तिळगूळ देताना 'गोड बोला' असं आपण म्हणतो, त्याच्या पोटात हा दुहेरी अर्थ आहे. कोरडं झालेलं नातं जरा तेलपाणी करून घ्यायचं, वर्षभराची कुरबूर सोडून द्यायची.

काळ्या कपड्यांचंही असंच. एरवी सणाला काळं नको म्हणणारी घरं संक्रांतीला सुनेला काळी चंद्रकळा घेतात, अंगावर हलव्याचे पांढरे दागिने घालतात. लहानग्याला काळं झबलं घालून बोरन्हाण करतात. काळा रंग ऊन धरून ठेवतो, थंडीत अंगाला ऊब देतो. म्हणजे 'काळं अशुभ' हा नियमसुद्धा गरज पडली तेव्हा आपल्याच आज्यांनी बाजूला ठेवला आणि त्याचा सण केला.

पण या सणाला भीतीचंही एक अस्तर आहे. संकरासुराला मारणारी संक्रांतदेवी यंदा कोणत्या वाहनावर आली, कोणत्या रंगाचं वस्त्र नेसली, हे पंचांगात छापून येतं. ती जे ल्याली ते महागणार किंवा ते वापरू नये, अशी समजूत असते. 'संक्रांत आली' याचा अर्थच मराठीत 'संकट आलं' असा होऊन बसला. मग अधूनमधून अफवा उठतात. अमुक रंगाच्या बांगड्या भरा, नाहीतर घरातल्या माणसाला धोका. एका गावातून दुसऱ्या गावात फोन जातात आणि कासाराच्या दुकानात रांग लागते. स्नेह हा या सणाचा एक धागा आणि भीती हा दुसरा. कोणता धागा आपण पुढच्या पिढीच्या हातात द्यायचा, हे आपल्यावर आहे.

आता हळदीकुंकू. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी बायका जमतात, वाण लुटतात, उखाणे घेतात. आज हे साधं वाटतं. पण ज्या काळी बाईला कारणाशिवाय उंबरा ओलांडता येत नव्हता, त्या काळी हे कारण मोठं होतं. देवाधर्माच्या नावाखाली का होईना, चार बायका एका ठिकाणी बसत होत्या आणि एकमेकींचं सुखदुःख ऐकत होत्या. आपला बचत गट फार नंतर आला. त्याची पहिली ओळ या जाजमावर लिहिली गेली, असं म्हटलं तर चूक होणार नाही.

या जाजमाची ताकद एका बाईनं फार लवकर ओळखली. सावित्रीबाई फुले. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली. त्यानंतर त्यांनी बायकांसाठी महिला सेवा मंडळ काढलं आणि १४ जानेवारी १८५२ रोजी मंडळातर्फे तिळगुळाचा समारंभ ठेवला. अध्यक्षपदी पुण्याच्या कलेक्टरच्या पत्नी होत्या. त्या निमंत्रणात एक गोष्ट स्पष्ट सांगितलेली होती: कोणत्याही जातीची बाई येवो, सगळ्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल, आणि भेद न करता सगळ्यांना सारखंच हळदीकुंकू आणि तिळगूळ मिळेल.

हे वाक्य कोणत्या काळातलं आहे ते ध्यानात घ्या. विहिरी वेगळ्या, पाणवठे वेगळे, सावलीचाही विटाळ मानला जात होता. तेव्हा सावित्रीबाई जेमतेम २१ वर्षांच्या होत्या. त्यांनी नवा सण काढला नाही. बायकांच्या ओळखीचा, बायकांच्या आवडीचा सण घेतला आणि त्याचं जाजम मोठं केलं.

जातीची रेघ त्यांनी त्या दिवशी पुसली. दुसरी एक रेघ मात्र अजून आपल्या अंगणात आहे. हळदीकुंकवाला सुवासिनी बोलवायच्या, विधवा बाईला बोलवायचं नाही. आपल्या गटातच बघा. एखादी ताई गटाचा हिशेब चोख ठेवते, बँकेत जाऊन मॅनेजरशी बोलते, कर्जाचा हप्ता चुकू देत नाही. पण संक्रांतीला तीच ताई स्वयंपाकघरात तिळगुळाच्या वड्या थापत बसते, नाहीतर घराबाहेर पडतच नाही. वड्या तिच्या हातच्या चालतात. तिच्या कपाळाला कुंकू लावायला मात्र आपला हात अडतो. कुणी वाईट वागत नसतं. 'रीत आहे' म्हणून सगळ्या गप्प असतात आणि ती ताईही गप्प असते.

ही रीत किती जुनी, किती पक्की? इतिहास पाहिला तर दिसतं की सगळ्या घरांत ती एकसारखी कधीच नव्हती. महाराष्ट्रातल्या अनेक शेतकरी, कारागीर आणि कष्टकरी जातींत विधवेचं दुसरं लग्न होत असे. त्याला पाट लावणं म्हणत, कुठे मोहतूर म्हणत. मराठेशाहीत अशा लग्नावर पाटदाम नावाचा कर घेतला जाई. सरकार कर घेत होतं म्हणजे अशी लग्नं उघडपणे होत होती. उच्च म्हणवणाऱ्या जातींत मात्र विधवेचं लग्न बंद, आणि कितीतरी घरांत तिचं केशवपन. पुढे इतर घरांनाही वाटू लागलं की पाट बंद केला तर आपलं घराणं मोठं ठरेल. अशा रीतीनं एका घराची सक्ती दुसऱ्या घरी प्रतिष्ठा म्हणून गेली. म्हणजे आज 'आपल्यात पूर्वापार असंच' म्हणणाऱ्या काही घरांतल्या पणज्यांचे पाट लागलेले असतील.

या सक्तीविरुद्ध झगडणारी माणसंही इथलीच. १८५६ मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला. पण त्यात एक मेख होती. दुसरं लग्न केलं की मेलेल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क सोडावा लागे. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या, दिवस गेलेल्या विधवांनी तिथं यावं, सुखरूप बाळंत व्हावं, जीव देऊ नये, यासाठी. १८७४ मध्ये अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच यशवंत.

१८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं. बायको मेली तर नवऱ्याचं काहीच उतरवलं जात नाही, तो लगेच दुसरी आणतो. नवरा मेला तर सगळी शिक्षा बाईलाच का? हा त्यांचा सवाल होता. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हावी समाजाची सभा झाली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असा ठराव झाला. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. त्यासाठी त्यांना गावचा बहिष्कार सोसावा लागला. तरी १८९६ मध्ये त्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी आश्रम सुरू केला, तो पुढे हिंगण्याला गेला. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा केला.

आणि आता पुन्हा सावित्रीबाईंकडे येऊ. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं कुणी धरायचं यावरून भाऊबंदांत वाद झाला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे आल्या आणि मातीचं ते मडकं त्यांनी आपल्या हातात घेतलं. त्या दिवसापासून त्या विधवा होत्या. पुढे १८९३ मध्ये सासवडला भरलेल्या सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, तेव्हा आजाऱ्यांची सेवा करताना त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या.

मैत्रिणींनो, जरा विचार करा. ज्या बाईनं १८५२ मध्ये सगळ्यांना एका जाजमावर बसवलं, तिला १८९० नंतर आपण आपल्या हळदीकुंकवाला बोलावलं असतं का? ३ जानेवारीला आपण तिच्या फोटोला हार घालतो, कुंकू लावतो. पंधरा दिवस होत नाहीत तोच आपल्या शेजारच्या विधवा ताईला वगळून आमंत्रणं देतो.

यातून वाट काढलेल्या गावाचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं होत होती त्याच दिवसांत, या गावानं ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे आमच्या गावात बंद. कोविडच्या साथीत कितीतरी तरुण संसार उघडे पडले होते, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. हेरवाडनंतर शेजारच्या हातकणंगले तालुक्यातल्या माणगावनंही तसाच ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

कुणी म्हणेल, एवढ्याशा कुंकवानं काय होतं? आम्हाला वाटतं, पुष्कळ होतं. ज्या बाईला समारंभात मागे बसायची सवय लावली जाते, तिला तलाठ्यापुढे उभं राहून 'सातबाऱ्यावर माझं नाव लावा' म्हणायला धीर होत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलामुलींच्या आणि सासूच्या बरोबरीनं वाटा दिला आहे. कायद्यात हक्क आहे, पण वारसनोंद करताना दीर म्हणतो, 'वहिनी, तुम्हाला काय करायचंय?' आणि ती अंगठा उठवून मोकळी होते. 'तुझं आता काय राहिलंय' हे वाक्य ती आधी हळदीकुंकवात न बोलता ऐकते, मग शेताच्या बांधावर उघड ऐकते. म्हणून जाजमाचा प्रश्न आणि जमिनीचा प्रश्न एकमेकांना लागून आहेत.

मग यंदा काय करावं? आमचं म्हणणं साधं आहे. समारंभ घरोघरी न करता गटाचा एकच ठेवा आणि निमंत्रण 'सुवासिनींना' न देता 'सगळ्या मैत्रिणींना' द्या. विधवा, परित्यक्ता, लग्न न झालेल्या, दुसऱ्या धर्माच्या, सगळ्या त्यात आल्या. मात्र कुणाला अचानक पुढे ओढू नका. चार दिवस आधी त्या ताईच्या घरी जा, बसा, चहा घ्या, तिला विचारा. तिला कुंकू नको असेल तर नको. तिळगूळ, फूल, वाण तर सगळ्यांना सारखंच देता येतं. एखादी म्हणते, 'मी आले तर तुमच्यालाच बोल लागेल.' तेव्हा आपण चारजणींनी तिच्या शेजारी बसायचं. बोल लागलाच तर तो पाचजणींत वाटला जातो.

घरातल्या मोठ्या बायका अपशकुन म्हणतील. त्यांच्याशी भांडू नका. त्यांना विचारा, 'आजी, नवरा गेल्यावर तुमची आई कोपऱ्यात बसायची तेव्हा तुम्हाला काय वाटायचं?' उत्तर त्यांच्याकडेच असतं. अनेकदा पहिली आजीच उठून तिळगूळ देते.

वाणाचाही विचार करा. दरवर्षी प्लॅस्टिकचे डबे घरात साठतात. त्याऐवजी भोगीच्या भाजीतल्या गावरान वाल-पावट्याच्या बियांची पुडी द्या, शेवग्याचं रोप द्या, मुलींसाठी वही द्या. सुगडं गावच्या कुंभाराकडूनच घ्या. आणि समारंभ संपल्यावर अर्धा तास थांबा. ज्या ताईंची वारसनोंद राहिली आहे त्यांची यादी करा आणि पुढच्या बैठकीचा पहिला विषय तोच ठेवा.

संक्रांतीची तारीख सरकत आली, ताटातल्या भाज्या गावागणिक बदलल्या, वाण बदललं, काळा रंग शुभ झाला. एवढं सगळं बदलूनही सण टिकला, कारण त्यातला स्नेह टिकला. मग जाजमावर चार मैत्रिणी वाढल्यानं तो कसा मोडेल?

पुढच्या भागात वारसनोंदीचा अर्ज कसा भरायचा, सोबत कोणते कागद लागतात, ते सांगू. तोवर तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि ज्या ताईला कुणी बोलावत नाही तिच्या घरी आधी जा.